लखोट्याचे पेटंट आणि अपील : साध्या वस्तूतील कल्पकतेचे न्यायालयीन निकष

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून छावणी ओलांडून पश्चिमेस निघाले की पडेगाव लागते. हाच रस्ता पुढे दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद व वेरूळकडे जातो. कागजीपुरा हे हातकागदाचे जुने केंद्र होय. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या काळात कागद करणारे कारागीर येथे स्थिरावले, अशी परंपरा सांगितली जाते. शहराच्या दुसऱ्या अंगाला, अहिल्यानगर-पुणे मार्गावर, वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. तेथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना चालू आहे. एका रस्त्यावर परंपरेने चालत आलेले, कोणाच्याही मालकीचे नसलेले कौशल्य आणि दुसऱ्या रस्त्यावर पेटंट कायद्याच्या संरक्षणाखाली वाढलेले तंत्रज्ञान, असे या परिसराचे दुहेरी चित्र आहे. एखादे कौशल्य सर्वांचे केव्हा राहते आणि एकाचे केव्हा होते, हा पेटंट कायद्यातील मूलभूत प्रश्न आहे.

हा प्रश्न गुंतागुंतीच्या यंत्रापेक्षा साध्या वस्तूच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उभा राहतो. टपालाचा लखोटा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कागदाचा एक तुकडा, चार घड्या आणि डिंकाची एक रेघ एवढ्यावर तयार होणाऱ्या वस्तूत 'शोध' म्हणावे असे काय उरते? पेटंट कार्यालयाने अशा वस्तूचा अर्ज फेटाळला, तर अपिलात कोणत्या मुद्द्यांचा विचार होतो? प्रस्तुत लेखात लखोट्याचे उदाहरण समोर ठेवून भारतीय पेटंट कायद्यातील 'कल्पकतेची पायरी' ही संकल्पना, अपिलाची व्यवस्था आणि या परिसरातील उद्योगांशी संबंधित दोन महत्त्वाचे वाद यांचे विवेचन केले आहे. संशोधन करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने त्यातून निघणारे निष्कर्ष अखेरीस मांडले आहेत.

लखोटा : एक तांत्रिक वस्तू

मराठीत लखोटा, पाकीट, खलिता हे शब्द निरनिराळ्या काळांचे व वापरांचे द्योतक आहेत. राजदरबारी पत्र किनखापी थैलीतून जात असे, तिला खलिता म्हणत. बंद करून मोहोर लावलेले पत्र म्हणजे लखोटा. छापील व यंत्राने दुमडलेले पाकीट ही एकोणिसाव्या शतकातील टपाल सुधारणांची निष्पत्ती होय. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीचा समान टपाल दर लागू झाला. आकार पत्राच्या पानांच्या संख्येवर न राहता वजनावर ठरू लागला, त्यामुळे पत्राभोवती वेगळा कागद गुंडाळण्याचा जादा भुर्दंड उरला नाही आणि पाकिटाची मागणी झपाट्याने वाढली. १८४५ मध्ये एडविन हिल व वॉरन डी ला रू यांनी पाकिटे दुमडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात हे यंत्र लोकांच्या कुतूहलाचा विषय ठरले होते.

यंत्राला पेटंट मिळणे समजण्यासारखे आहे. परंतु खुद्द पाकिटालाही पेटंट मिळालेले आहे. शिकागो येथील अमेरिकस कॅलहॅन यांना १० जून १९०२ रोजी अमेरिकेत खिडकीच्या पाकिटाचे पेटंट मिळाले. पाकिटाच्या पुढील भागाचा काही अंश पारदर्शक ठेवला, तर आतील पत्रावर लिहिलेला पत्ताच बाहेरून वाचता येतो, ही त्यातील कल्पना. वरवर पाहता बदल अगदी लहान होता. त्याचा परिणाम मात्र मोठा होता. पत्ता दोनदा लिहिण्याचे श्रम वाचले आणि एकाचे पत्र दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची शक्यता संपली. बँका, विमा कंपन्या व वीज मंडळे यांची देयके शतकभर अशाच पाकिटांतून घरोघर गेली. वस्तू साधी असणे आणि शोध क्षुल्लक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पेटंट व डिझाइन : संकल्पनाभेद

लखोट्याच्या 'रचनेचे' संरक्षण असे म्हटले जाते तेव्हा दोन वेगवेगळ्या अधिकारांची सरमिसळ होण्याचा संभव असतो. पेटंट, म्हणजेच एकस्व, हे वस्तू कसे कार्य करते याला मिळते. भारतात त्यासाठी पेटंट कायदा, १९७० लागू आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. डिझाइन हे वस्तू कशी दिसते याला मिळते. त्यासाठी डिझाइन कायदा, २००० असून तो ११ मे २००१ पासून अमलात आला. त्याची मुदत प्रथम १० वर्षे व नूतनीकरणानंतर आणखी ५ वर्षे अशी आहे.

डिझाइनच्या व्याख्येत आकार, ठेवण, नक्षी, अलंकरण आणि रेषा वा रंग यांची जुळणी यांचा समावेश होतो. हे गुण तयार वस्तूत असले पाहिजेत आणि त्यांची पारख केवळ डोळ्यांनी झाली पाहिजे. रचनेचे तत्त्व वा पद्धती आणि निव्वळ यांत्रिक साधन यांना या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. त्यामुळे लखोट्याच्या झडपेला दिलेला लक्षवेधी आकार डिझाइनचा विषय होऊ शकेल, परंतु झडप एकदा उघडल्यावर पुन्हा चिकटविता यावी अशी व्यवस्था हा पेटंटचा विषय होय. अर्जदाराने चुकीचा मार्ग निवडला, तर पुढे अपिलात कितीही प्रभावी युक्तिवाद केला तरी तो उपयोगी पडत नाही.

कल्पकतेची पायरी : वैधानिक व्याख्या

पेटंट मिळण्यासाठी शोध नवीन असावा, त्यात कल्पकतेची पायरी असावी आणि तो औद्योगिक उपयोगास योग्य असावा, अशा तीन अटी आहेत. यांपैकी पहिली व तिसरी अट तुलनेने सोपी आहे. तीच वस्तू पूर्वी कोणी प्रसिद्ध केली वा वापरली असेल, तर नावीन्य संपते. लखोट्याचे औद्योगिक उत्पादन होऊ शकते याविषयीही वाद नसतो. खरा वाद दुसऱ्या अटीचा असतो.

२००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जी व्याख्या आहे, तिच्यानुसार कल्पकतेच्या पायरीत दोन घटक येतात. ज्ञात ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, हा पहिला घटक होय. त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीला सहज सुचण्याजोगा नसणे हा दुसरा. आर्थिक महत्त्व एकटे पुरेसे नाही, ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे. बाजारात खूप खपणारा लखोटा हा केवळ खपतो म्हणून शोध ठरत नाही.

याला जोडूनच कलम ३ मधील (फ) हे उपकलम येते. ज्ञात साधनांची केवळ मांडणी, फेरमांडणी वा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक साधन आपापल्या ज्ञात पद्धतीने व परस्परांशी संबंध न ठेवता कार्य करते, तिला शोध मानले जात नाही. साध्या वस्तूंचे बहुतेक अर्ज या उपकलमाच्या कसोटीवर अडतात.

'जाणकार व्यक्ती' हे कायद्याने कल्पिलेले पात्र आहे. तिला त्या क्षेत्रातील सर्व प्रसिद्ध ज्ञान अवगत असते, हाताशी नेहमीचे कौशल्य असते, परंतु असामान्य प्रतिभा नसते. लखोट्याच्या संदर्भात ही व्यक्ती म्हणजे पाकिटे तयार करणाऱ्या कारखान्यातील अनुभवी कारागीर वा अभियंता होय. टपाल खात्याचा ग्राहक किंवा विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक ही ती व्यक्ती नव्हे.

मिर्झापूरचा खटला : पायाभूत निर्णय

या विषयावरील भारतातील पायाभूत निर्णयही एका साध्या साधनाविषयीच झाला, हे उल्लेखनीय आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी दिला. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळी व जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांचा व्यवसाय होता. भांडी लेथवर फिरवून घासताना ती यंत्राच्या टोकाला चिकटद्रव्याने बसविली जात. काम चालू असताना भांडे सुटून उडत असे व कामगारांना इजा होण्याचा धोका असे. विरुद्ध बाजूच्या टोकाने भांडे दाबून घट्ट धरण्याची व्यवस्था एका संस्थेने केली, १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे पेटंट मिळाल्यावर प्रतिस्पर्ध्यावर उल्लंघनाचा दावा लावला.

या पेटंटचा प्रवास बोधप्रद आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ते रद्द केले. त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने अपिलात ते वैध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात ते पुन्हा रद्द केले. लेथची दोन्ही टोके व त्यांचा उपयोग पूर्वीपासून ज्ञात होता. त्यात केलेला बदल हा कार्यशाळेत कुशल कारागीर सहज करील असा होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

या निर्णयातून तीन तत्त्वे स्थिर झाली. पहिले, ज्ञात वस्तूतील सुधारणा ही निव्वळ 'कार्यशाळेतील सुधारणा' असता कामा नये. तिने स्वतंत्रपणे कल्पकतेच्या कसोटीला उतरले पाहिजे. दुसरे, ज्ञात घटक एकत्र आणले असतील, तर त्या संयोगातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा पूर्वीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निष्पन्न झाली पाहिजे. घटक केवळ शेजारी शेजारी ठेवणे पुरेसे नाही. तिसरे, पेटंट कार्यालयाने तपासणी करून पेटंट दिले, म्हणून त्याची वैधता सिद्ध होत नाही. हे तिसरे तत्त्व १९७० च्या कायद्यातही कलम १३ च्या चौथ्या उपकलमात आहे. मूळ पेटंट १९११ च्या जुन्या कायद्याखालील असले, तरी या तत्त्वांचा आधार आजही घेतला जातो.

भांडे उडून कामगार जखमी होण्याचा धोका दूर करणारी ती व्यवस्था उपयुक्त नव्हती, असे न्यायालयाने म्हटले नाही. उपयुक्तता मान्य करूनही पेटंट नाकारता येते, हे यातील मर्म आहे. उलट, व्यवस्था उपयुक्त व सहजसाध्य असल्यामुळेच ती प्रत्येक कारखानदाराला मोकळेपणाने वापरता आली पाहिजे, असा विचार या तत्त्वामागे आहे. अन्यथा रोजच्या कामातून निघणारी प्रत्येक लहान सुधारणा कोणाच्या तरी मक्तेदारीत जाईल आणि सामान्य कारागिराला पावलोपावली परवानगी मागावी लागेल.

निकषांचे उपयोजन : परतीचा लखोटा

वरील तत्त्वे एका काल्पनिक उदाहरणावर तपासून पाहता येतील. एका कार्यालयाला पत्रासोबत उत्तरासाठी दुसरे पाकीट पाठवावे लागते. ते वाचविण्यासाठी एकच पाकीट दोनदा वापरता येईल, असा लखोटा कोणी तयार केला असे समजू. त्यात झडप आहे, डिंकाच्या दोन पट्ट्या आहेत आणि फाडण्यासाठी बारीक छिद्रांची ओळ आहे. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ज्ञात आहेत.

पहिल्या पर्यायात दोन्ही पट्ट्या उघड्या असून पहिली जाताना व दुसरी येताना वापरायची आहे. छिद्रांची ओळ पाकीट उघडण्यासाठी आहे. येथे प्रत्येक घटक आपले नेहमीचे काम वेगवेगळे करतो. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या देणे ही पुनरावृत्ती होय. कलम ३ (फ) ची आडकाठी येथे सरळ लागू पडते.

दुसऱ्या पर्यायात छिद्रांची ओळ अशा जागी आहे की, पाकीट उघडताना फाटणारी पट्टीच दुसऱ्या डिंकावरील आवरण काढून टाकते. त्यामुळे दुसरी पट्टी पहिल्या प्रवासात धूळ व ओलावा यांपासून सुरक्षित राहते आणि पाकीट उघडण्याच्या कृतीतूनच परतीसाठी सिद्ध होते. येथे घटक परस्परांवर अवलंबून आहेत. एकाचे कार्य दुसऱ्याच्या कार्याला जन्म देते. ही मांडणी जाणकार कारागिराला सहज सुचली असती काय, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. परंतु तो प्रश्न विचारण्याजोगा झाला, हाच पहिल्या व दुसऱ्या पर्यायातील फरक होय.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने रोश विरुद्ध सिप्ला या औषधविषयक खटल्यात २७ नोव्हेंबर २०१५ रोजी दिलेल्या निर्णयात या प्रश्नाची पायरीपायरीने उकल करण्याची पद्धत मांडली आहे. जाणकार व्यक्ती कोण हे ठरविणे, दाव्यातील कल्पक गाभा शोधणे, अग्रक्रमाच्या तारखेस त्या व्यक्तीला सामान्यतः काय ज्ञात होते हे निश्चित करणे, ज्ञात व दाव्यातील बाबींमधील फरक नोंदविणे आणि अखेरीस, शोध माहीत नसताना हा फरक सहज सुचला असता काय हे पाहणे, असा तो क्रम आहे. अखेरची पायरी सर्वांत अवघड आहे. उत्तर कळल्यानंतर कोडे सोपे वाटते, त्याचप्रमाणे तयार लखोटा हाती आल्यावर 'यात काय विशेष?' असे वाटणे स्वाभाविक आहे. या पश्चातबुद्धीपासून दूर राहण्याची जबाबदारी तपासणी अधिकाऱ्यावर व न्यायालयावर असते.

अमेरिकेतही हाच तणाव दिसून येतो. १८५१ च्या हॉचकिस खटल्यात दाराची मूठ धातू वा लाकडाऐवजी चिनी मातीची करणे हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. २००७ च्या केएसआर खटल्यात मोटारीच्या पेडलविषयी निर्णय देताना त्याच न्यायालयाने कारागिराच्या सामान्य सर्जनशीलतेलाही हिशेबात धरले. साध्या वस्तूंच्या संदर्भात भारतीय व अमेरिकी विचार परस्परांच्या बरेच जवळ आहेत, असे म्हणता येते.

अपील : मार्ग व स्वरूप

भारतीय पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकाता येथे असून मुंबई, दिल्ली व चेन्नई येथे शाखा आहेत. महाराष्ट्रातील अर्जदारांचे अर्ज मुंबई शाखेकडे जातात. नियंत्रकाने अर्ज फेटाळला, तर कलम ११७-अ नुसार ३ महिन्यांच्या आत अपील करता येते. असे अपील ऐकणारी यंत्रणा मात्र बदलत गेली. २ एप्रिल २००७ पासून पेटंटविषयक अपिले बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे होती. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त करण्यात आले. तेव्हापासून ही अपिले उच्च न्यायालयांकडे जातात.

अपिलात न्यायालय प्रामुख्याने नियंत्रकाच्या आदेशाची तर्कशुद्धता तपासते. ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनल या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२२ रोजी हा मुद्दा विशद केला. कल्पकतेची पायरी नाही, असे म्हणून अर्ज फेटाळताना नियंत्रकाने तीन बाबींचा विचार केला पाहिजे : आधीचे ज्ञान कोणते, अर्जातील शोध कोणता आणि त्या ज्ञानावरून हा शोध जाणकारास कसा सहज सुचला असता. केवळ 'उघड आहे' असे म्हणणे पुरेसे नाही. सकारण आदेश नसेल, तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले जाऊ शकते.

यावरून एक व्यावहारिक बाब लक्षात येते. अपिलाचा पाया मूळ अर्जातच घातलेला असतो. लखोट्याच्या विनिर्देशात पूर्वीच्या पाकिटांतील अडचण, तिच्यावरील उपाय व घटकांमधील परस्परसंबंध स्पष्टपणे नोंदविलेले नसतील, तर अपिलाच्या टप्प्यावर ते नव्याने भरून काढणे अशक्यप्राय होते. मूळ दस्तऐवजात नसलेला मजकूर दुरुस्तीच्या निमित्ताने घालण्यास कायदा परवानगी देत नाही.

पेटंट मिळाल्यानंतरही वाद संपत नाही. पेटंट मिळण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते. पेटंट प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. शिवाय कलम ६४ नुसार ते रद्द करण्याची मागणी करता येते आणि उल्लंघनाच्या दाव्यात त्याच कारणांचा बचाव म्हणून उपयोग करता येतो. मिर्झापूरचे पेटंट अशाच रीतीने, मालकाने स्वतः दावा लावल्यानंतर, रद्द झाले.

परिसरातील दोन वाद

पेटंटच्या अपिलाचा उद्योगावर किती खोल परिणाम होतो, हे बजाज ऑटो व टीव्हीएस मोटर यांच्यातील वादावरून दिसते. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसवून इंधनाचे ज्वलन सुधारणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट बजाज ऑटोला जुलै २००५ मध्ये मिळाले होते. त्याचा अर्ज २००२ मधील होता. टीव्हीएसने २००७ मध्ये दोन प्लग असलेली 'फ्लेम' ही मोटारसायकल जाहीर केली. १६ फेब्रुवारी २००८ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. त्यानंतर टीव्हीएसने ही गाडी एका प्लगसह बाजारात आणली. १८ मे २००९ रोजी द्विसदस्यीय पीठाने अपिलात तो हुकूम रद्द केला. टीव्हीएसच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा होत्या, हा मुद्दा या वादात महत्त्वाचा ठरला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २००९ च्या आदेशान्वये टीव्हीएसला विक्रीची मुभा मिळाली, मात्र विक्रीचा अचूक हिशेब ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. बौद्धिक संपदेचे दावे वर्षानुवर्षे अंतरिम हुकुमांवरच रेंगाळतात, याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. असे दावे रोजच्या रोज चालवून साधारणतः ४ महिन्यांत निकाली काढावेत, असे निर्देश दिले. प्रत्यक्षात हा वाद उभय पक्षांनी २०१९ मध्ये सामोपचाराने मिटविला. पेटंटच्या २० वर्षांच्या मुदतीतील मोठा भाग वादात गेला. दोन बलाढ्य कंपन्यांना हा काळ व खर्च सोसता आला. चिकलठाणा वा वाळूज येथील एखाद्या लघुउद्योजकाला तो सोसता येईल काय, हा गंभीर विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

दुसरा वाद डिझाइनचा आहे. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीने २०१२ मध्ये 'पेबल' हे धुलाई यंत्र बाजारात आणले. एक बाजू चौकोनी व दुसरी गोलाकार असा आपल्या यंत्राचा २००९ मध्ये नोंदविलेला आकार त्यात उचलला आहे, असा दावा व्हर्लपूल ऑफ इंडियाने केला. व्हिडिओकॉनकडेही आपल्या आकाराची नोंदणी होती. नोंदणीधारकाविरुद्ध नकलेचा दावा चालू शकत नाही, असा तिचा बचाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे २०१४ रोजी तो फेटाळला. कायद्यातील 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत नंतरचा नोंदणीधारकही येतो, असे न्यायालयाने म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१३ मध्ये असाच निर्णय दिलेला होता.

दोन्ही वादांचे तात्पर्य एकच आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र ही अधिकाराची सुरुवात असते, त्याचा अंतिम पुरावा नव्हे.

महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने फलित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांकनासाठी पेटंटला स्थान आहे. त्यामुळे महाविद्यालयांतून पेटंटचे अर्ज वाढणे स्वाभाविक होते. या संदर्भात पुढील बाबी विचारात घेणे आवश्यक आहे.

१. अर्ज प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे. सामान्यतः अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्याची तपासणी स्वतंत्र विनंती केल्यावरच होते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. ती केली नाही, तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. कल्पकतेची कसोटी तपासणीच्या टप्प्यावर लागते, प्रसिद्धीच्या नव्हे.

२. डिझाइनची नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे. ब्रिटनसारख्या देशात तर डिझाइन नोंदविताना नावीन्याची तपासणी केली जात नाही. अशा नोंदणीला 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणणे हे शास्त्रीय व नैतिक, दोन्ही दृष्टींनी असमर्थनीय आहे.

३. प्रकाशन व पेटंट यांचा क्रम महत्त्वाचा आहे. शोधनिबंध, चर्चासत्रातील सादरीकरण किंवा 'शोधगंगा'वर उपलब्ध झालेला प्रबंध यांमुळे नावीन्य नष्ट होऊ शकते. विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या वा तिच्या इतिवृत्तात संमतीने छापलेल्या निबंधाच्या बाबतीत कलम ३१ नुसार १२ महिन्यांची सवलत आहे, परंतु तिची व्याप्ती मर्यादित आहे. तात्पुरत्या विनिर्देशासह आधी अर्ज करावा, १२ महिन्यांत पूर्ण विनिर्देश सादर करावा आणि प्रकाशन अर्जानंतर करावे, हा सुरक्षित मार्ग होय.

४. शुल्काची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. मात्र अर्जाचा मसुदा, पूर्वज्ञानाचा शोध व अपिलाचा खर्च यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

५. प्रत्येक सुधारणेचे पेटंट घेतलेच पाहिजे असे नाही. कार्यशाळेतील सुधारणा पेटंटयोग्य नसली, तरी समाजोपयोगी असते. ती प्रसिद्ध केल्यास सर्वांना खुली राहते आणि पुढे दुसऱ्या कोणाला तिच्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. महाविद्यालयीन नियतकालिकातील एक लेखही या दृष्टीने सार्वजनिक हिताचे रक्षण करू शकतो.

समारोप

टपालाच्या लखोट्यासारख्या साध्या वस्तूत कायद्याची कसोटी सर्वांत स्पष्टपणे दिसते, कारण तेथे गुंतागुंतीच्या तंत्राआड लपण्यास जागा नसते. ज्ञात घटकांची केवळ जुळवाजुळव आणि त्यांच्या परस्परसंबंधातून निघालेला नवा परिणाम यांतील सीमारेषा न्यायालयांनी मिर्झापूरच्या भांड्यांपासून औषधांपर्यंत सातत्याने शोधली आहे. या रेषेच्या एका बाजूस संशोधकाचा न्याय्य मोबदला आहे, तर दुसऱ्या बाजूस कारागिराचे व ग्राहकाचे स्वातंत्र्य आहे. खिडकीच्या पाकिटाने पहिली बाजू दाखविली, मिर्झापूरच्या लेथने दुसरी. अपिलाची व्यवस्था ही रेषा पुनःपुन्हा तपासण्यासाठीच असते. पेटंटांची संख्या वाढविण्यापेक्षा, कोणती सुधारणा एकाची व कोणती सर्वांची, हे ओळखण्याची विवेकदृष्टी विद्यार्थ्यांमध्ये रुजविणे हे महाविद्यालयांचे अधिक महत्त्वाचे कार्य ठरते.